विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनला सरकारी मान्यता मिळवायचीय? मग आधी रजिस्टर उघडा

आमच्या कॉलेजच्या बागेला, किंवा विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनला सरकारी मान्यता मिळवायचीय, अर्ज कुठे करायचा, असं विचारणारे फोन मला बरेच येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू. मी बॉटनी शिकवते आणि आमच्या बागेची कागदपत्रं उभी करण्यात माझी चांगली पाच वर्षं गेलीत, त्यातली पहिली दोन तर चुकीच्या टेबलावर फाइल ठेवण्यातच गेली. तुमची जाऊ नयेत एवढीच इच्छा.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. प्राणीसंग्रहालय चालवायचं असेल तर वन्यजीव कायद्याखाली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घ्यावीच लागते, तिथे एकच ऑफिस, एकच दार. वनस्पती उद्यानाचं तसं नाहीये. "हे बोटॅनिकल गार्डन आहे" असं सर्टिफिकेट देणारं एकच सरकारी खातं आपल्याकडे नाही, त्यामुळे "मान्यता" म्हणजे नेमकी कुठली मान्यता हे आधी तुमच्या डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये बसून ठरवा, कारण प्रत्येकीचा कायदा वेगळा, कागद वेगळे आणि मिळाल्यावर गळ्यात पडणारी जबाबदारीही वेगळी.

आपल्या जवळचीच उदाहरणं सांगते म्हणजे लगेच कळेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची बाग ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मान्यता दिलेली लीड बोटॅनिकल गार्डन आहे. मंत्रालयाने १९९१-९२ मध्ये वनस्पती उद्यानांना मदत देण्याची योजना काढली, धोक्यात असलेल्या आणि फक्त त्या-त्या भागात सापडणाऱ्या वनस्पती बागेत वाढवून टिकवायच्या हा तिचा हेतू, आणि लीड गार्डनने नुसतं स्वतःचं बघायचं नाही तर आजूबाजूच्या छोट्या बागांना रोपं, माहिती, ट्रेनिंग द्यायचं अशी त्यात अपेक्षा. कोल्हापूरला हा मान काही सुंदर हिरवळीमुळे मिळालेला नाही, तिथल्या लोकांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर म्हणजे सेरोपेजियांवर वर्षानुवर्षं काम केलंय, डोंगर पालथे घातलेत, प्रत्येक कंदाची नोंद ठेवलीय.

दुसरं उदाहरण पुण्याचं, गणेशखिंड बाग. ही १८७३ सालची, आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं, क्षेत्र ३३.०१ हेक्टर. म्हणजे भर शहरात, चारी बाजूंनी बिल्डिंगा आणि ट्रॅफिक असलेली विद्यापीठाची बाग राजपत्रात आली. आणि विद्यापीठाच्या जागेला असा दर्जा मिळण्याची ही पहिली वेळ पण नव्हती, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके कॅम्पस त्याच्या दहा वर्षं आधी, २०१० मध्ये वारसा स्थळ झालाय. तुमचे कुलसचिव "असं कुठे होतं का" म्हणाले तर ही दोन नावं लगेच पुढे करा, आम्हाला याचा फार उपयोग झाला.

तर मुख्य रस्ते दोन: केंद्राच्या मंत्रालयाकडून, किंवा जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकारकडून, म्हणजे वारसा स्थळाचा. तिसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ३९ चा, त्यात केंद्र सरकार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी सल्लामसलत करून एखाद्या संस्थेला अधिकृत भांडार म्हणून नेमतं, तिथे वनस्पतींचे नमुने कायमचे सांभाळायचे असतात आणि कुणाला नवीन प्रजाती सापडली तर तिचा नमुना अशा ठिकाणी जमा करावा लागतो. पण त्या यादीत बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया, लखनौची एनबीआरआय म्हणजे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था अशी मंडळी आहेत, एखाद्या कॉलेजने सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्यावर येते. कुठल्याही रस्त्याने जा, तुमच्याकडे येणारा माणूस बाग बघायच्या आधी नोंद बघणार. मला हे कसं कळलं ते सांगते. पहिल्यांदा बाहेरचे तज्ज्ञ आमच्याकडे आले तेव्हा आम्ही आठवडाभर बाग झाडून-पुसून चकाचक केली होती, विटांना गेरू लावला होता, मुलींनी रांगोळी काढली होती. सर आत आले, दहा पावलं चालले आणि एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, हे कुठून आणलं? कुणी लावलं? कधी?" आणि आम्ही चार पीएचडीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. मागून आमचे माळीकाका हळूच म्हणाले, "सर, ते आंबोलीचं हाय, मोठे सर ट्रिपला गेले तवा पिशवीतनं रोप आणलं, माझं लगीन झालं त्याच साली." सरांनी वही काढली आणि काकांचं बोलणं लिहून घेतलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, हे तुमच्या रजिस्टरमध्ये का नाही? आमच्याकडे रजिस्टरच नव्हतं, होती ती डेडस्टॉकची वही, त्यात "रोपे नग ४०" असं लिहिलेलं.

तर पहिलं काम म्हणजे अॅक्सेशन रजिस्टर. कुणाच्या प्रस्तावाचा फॉरमॅट डाउनलोड करत बसू नका, आधी हे करा. बागेत आलेल्या प्रत्येक रोपाला, बियाणाला, कंदाला एक नंबर द्यायचा, साधा नंबर पुरतो, साल आणि पुढे क्रमांक, उदाहरणार्थ २०२४/०१७. तो नंबर पुन्हा दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही, झाड मेलं तरी नाही, मेलं तर त्याच ओळीत मेल्याची तारीख आणि कारण लिहायचं. नंबरसमोर शास्त्रीय नाव, कुळ, मराठी नाव, कुठून आलं (गाव, तालुका, जमलं तर जीपीएस आणि उंची), जंगलातून आलं की नर्सरीतून की दुसऱ्या बागेतून, बी आणलं की फांदी की कंद, कुणी आणलं, कधी, आणि आज बागेत नेमकं कुठे आहे, कुठला वाफा, कितवी कुंडी. नावाची खात्री नसेल तर नाव रिकामं सोडा आणि "ओळख बाकी" लिहा, चुकीचं नाव ठोकून देऊ नका, तपासणाऱ्याला एक चुकीचं नाव सापडलं की तो बाकीच्या सगळ्या नावांवर शंका घेतो, आणि ते बरोबरच आहे.

एक्सेल शीट ठेवाच, पण जाड बांधणीची कागदी वहीसुद्धा ठेवा, पानांवर छापील नंबर असलेली. आमच्या डिपार्टमेंटचा कॉम्प्युटर एकदा फॉरमॅट झाला आणि कागदी वहीनेच आम्हाला वाचवलं.

जुन्या झाडांचं काय करायचं? त्यांचे कागद नसतात. तिथे माळीकाकांना घेऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि एकेका झाडाखाली उभं राहून रेकॉर्डिंग करायचं. हे काम उद्यावर ढकलू नका, ते रिटायर झाले की ती सगळी माहिती त्यांच्याबरोबर गावाला जाते. आमच्या काकांनी अठ्ठावन्न झाडांचं सांगितलं, कुठलं कुणी लावलं, कुठल्या वर्षी वीज पडली, कुठली बकुळ मूळ जागेवरून हलवली. जुनी कॉलेज मॅगझिनं, वृक्षारोपणाचे फोटो, रिटायर्ड सरांच्या घरातल्या ट्रिपच्या वह्या हे सगळं लावून पडताळून घ्या आणि रजिस्टरमध्ये "तोंडी माहिती" असं स्पष्ट लिहा. प्रामाणिकपणे लिहिलेली तोंडी माहिती चालते.

दुसरं, हर्बेरियम. बागेतल्या महत्त्वाच्या प्रत्येक वनस्पतीचा, फूल किंवा फळ असतानाचा, दाबून वाळवलेला नमुना शीटवर हवा आणि त्या शीटवर तोच अॅक्सेशन नंबर हवा. म्हणजे उद्या झाड पडलं तरी ते कोण होतं हे शीट सांगते. ओळख पक्की करायला पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे जाऊन शीट्स ताडून घेतल्या आणि प्रस्तावात तसं लिहिलं की वजन येतं. शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमला तर एसयूके असा जगभर ओळखला जाणारा कोड आहे. तुमचं हर्बेरियम बऱ्यापैकी उभं राहिलं की तुम्हीही तसा कोड मिळवण्याच्या मागे लागा.

लेबलांबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळेच चुकतात. झाडाला खिळा ठोकून पत्रा लावायचा नाही आणि बुंध्याला तार आवळून तर अजिबात नाही. आमच्या एका सीतेच्या अशोकाला पूर्वी कुणीतरी घट्ट तार बांधली होती, साल तिच्यावर चढत गेली, तार आत गडप झाली आणि वरचा भाग रोडावला. आता आम्ही मोठ्या झाडांना सैल स्प्रिंग वापरतो आणि दर पावसाळ्यानंतर ती तपासतो, छोट्यांना जमिनीत रोवलेली पाटी. पाटीवर नंबर असलाच पाहिजे, नुसतं नाव लिहिलेली पाटी शाळेच्या मुलांना उपयोगी पण रजिस्टरशी तिचा काही संबंध लागत नाही.

आता कंदवाल्या वनस्पतींची गोष्ट, ही खास सह्याद्रीतल्या बागांसाठी. कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती पावसाळ्यात वर येतात, फुलतात आणि पाऊस संपला की वरचा सगळा भाग वाळून नाहीसा होतो, कंद मातीत जिवंत असतो. उन्हाळ्यात कुंडी बघाल तर नुसती सुकी माती. आमच्याकडे एका वर्षी नवीन ठेकेदाराच्या माणसांनी मे महिन्यात "रिकाम्या" कुंड्या उपड्या करून माती गुलाबाच्या वाफ्यात टाकली. मी पोचेपर्यंत अकरा कुंड्या झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर बसून ती माती चाळणीने चाळली, सहा कंद हाताला लागले, पाच गेले. त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण त्यातला एक कंद ज्या कातळावरून आणलेला तिथे आता खाण आहे. तेव्हापासून आम्ही अशा कुंड्यांना लाल रंगाचा पट्टा मारतो, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर कोरून ती पट्टी कंदाशेजारी मातीत पुरतो आणि वर एक पाटी लावतो: "झोपलंय, हलवू नका". आणि तपासणीची तारीख आपल्या हातात असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच मागा, मार्च-एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला तुम्ही तुमचा सगळ्यात मोलाचा संग्रह दाखवूच शकत नाही. नाइलाजाने उन्हाळ्यात आलेच तर नंबरवार फुलांचे फोटो तयार ठेवा.

दुर्मिळ वनस्पती बागेत हव्यात म्हणून डोंगरावरून उपटून आणणं हा मात्र गुन्हा समजा, कायद्याने आणि मनानेही. जंगलातून काही आणायचं तर वन खात्याची लेखी परवानगी लागते, त्या पत्राचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा. आणि अख्खं रोप आणायची गरज बहुतेक वेळा नसते. शिंदळ माकुडीचंच घ्या, शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी ही मांसल वनस्पती, तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया हे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून पडलं, ज्यांनी गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान, म्हणजे आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, बांधायला घेतली. कड्यावर ती कमी उरलीय पण तिची छोटी फांदी तोडून दोन-चार दिवस सावलीत सुकवून रेताड मातीत खोचली की मुळं धरते. एका फांदीतून दोन वर्षांत वीस कुंड्या होतात आणि कड्यावरचं मूळ झाड जिथल्या तिथे राहतं. दुसऱ्या बागेकडून रोप मागून घेणं तर सगळ्यात उत्तम, फक्त देणाऱ्याचा अॅक्सेशन नंबरही मागून घ्या.

आता कागद. इथे बॉटनीवाले लोक कंटाळतात, पण फाइल अडते ती इथेच. बागेची जागा कागदावर नेमकी कुठे आहे? विद्यापीठाच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अख्खा कॅम्पस एकत्र असतो, बाग म्हणून वेगळा तुकडा नसतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून बागेची हद्द नकाशावर काढून घ्या, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहा, कोपऱ्यांचे जीपीएस पॉइंट जोडा. मग व्यवस्थापन परिषदेचा ठराव घ्या. ठरावात "बागेचा विकास करावा" असलं मोघम काही नको, सरळ लिहून घ्या की एवढ्या गटातलं एवढं क्षेत्र वनस्पती उद्यान म्हणून राखून ठेवलंय, दुसऱ्या कामाला वापरणार नाही, आणि दरवर्षी बजेटमध्ये माळी, पाणी आणि देखभालीची तरतूद राहील. हा ठराव करून घेणं सगळ्यात जड जातं कारण प्रत्येक कॅम्पसला पार्किंग हवं असतं. आमच्याकडे ठराव तिसऱ्या मीटिंगला पास झाला, त्यासाठी मी सदस्यांना एकेक करून सकाळी बागेत फिरवलं.

राज्य सरकारचा म्हणजे वारसा स्थळाचा रस्ता धरला तर पुढचं असं. कलम ३७ म्हणतं की राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाचं क्षेत्र राजपत्रात अधिसूचित करू शकतं. म्हणजे स्थानिक संस्था आलीच. तुमची बाग ज्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत येते तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, ती आहे का, तिच्या सभा होतात का, लोक जैवविविधता नोंदवही तयार झालीय का हे आधी जाऊन बघा. नोंदवहीत तुमच्या बागेचा उल्लेख नसेल तर तो घालून घ्या, तुमचे विद्यार्थी त्या कामाला लावा, समितीलाही मदत होते. समितीच्या ठरावासह प्रस्ताव नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो, मंडळ पाहणी करतं, अभ्यास करतं, लोकांचं म्हणणं घेतलं जातं आणि शेवटी अधिसूचना शासनाची निघते. प्रस्तावात झाडांची यादी असतेच, पण पक्षी, फुलपाखरं, बुरशी, जुने वृक्ष, बागेचा इतिहास, लोकांचं बागेशी नातं हे सगळं घाला, कारण कायदा जैवविविधता बघतोय, नुसता संग्रह बघत नाहीये. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झालीय, म्हणून जुन्या फाइलीतला मजकूर तसाच कॉपी-पेस्ट करू नका.

एक भीती सगळीकडे ऐकू येते, "वारसा स्थळ झालं की जागा सरकारजमा". नाही होत. मालकी विद्यापीठाचीच राहते, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वापरावर, त्यांनी स्वतःहून ठरवलेलं सोडून, बंधनं यायला नकोत. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर पहिली हरकत तिथूनच येते, आणि ते लोक तुमच्या बाजूला असतील तर त्यांच्यासारखा आधार नाही.

केंद्राच्या रस्त्याला मात्र झाडांची संख्या दाखवून भागत नाही, तुमचा विषय काय ते दाखवावं लागतं. कोल्हापूरची ओळख जशी सेरोपेजिया, तशी तुमची काय? विदर्भातल्या कॉलेजने सह्याद्रीच्या ऑर्किडमागे धावू नये, तिथल्या पानझडी जंगलातलं काहीतरी धरावं, कोकणातल्यांनी कातळसड्यावरच्या छोट्या वनस्पती धराव्यात, जमिनीची साथ असेल ते टिकतं. एखादा गट निवडा, पाच वर्षं त्याचा संग्रह करा, रोपं तयार करून पुन्हा मूळ जागी लावून बघा, किती जगली ते लिहा, मेलेलीही लिहा. मंत्रालयाच्या साइटवर सध्या कुठल्या योजनेखाली अर्ज घेतायत ते बघून त्याच नमुन्यात अर्ज करायचा आणि कुलसचिवांमार्फतच पाठवायचा, डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर गेलेला अर्ज आमचा तसाच परत आला होता.

हे सगळं व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत हातात काहीतरी हवं असेल आणि बाग शहरी हद्दीत असेल तर राज्याच्या वृक्ष कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती वाचा, त्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. बागेतल्या अशा झाडांची यादी वयाच्या पुराव्यासह स्थानिक वृक्ष प्राधिकरणाला आवक शिक्का मारून देऊन ठेवा. आमच्याकडे मागच्या बाजूने पाइपलाइन टाकायची होती तेव्हा याच यादीची पोच दाखवली आणि चर आठ मीटर बाजूला सरकला.

प्रत्येक पत्राची पोच आणि जावक नंबर जपून ठेवा, फाइलच्या पहिल्या पानावर तारीखवार यादी लावा, कारण टेबलावरचा अधिकारी बदलतो आणि नवीन साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, त्यावेळी ते एक पान तासाभराचं बोलणं वाचवतं. आणि प्रस्ताव पाठवण्याआधी एकदा सप्टेंबरात कोल्हापूरला जाऊन या, आधी डिपार्टमेंटला पत्र देऊन परवानगी घ्या, सोबत तुमच्या माळीकाकांनाही न्या. आमचे काका तिथे कंदीलपुष्पाच्या कुंड्यांपाशी खाली बसले, प्रत्येक पाटीवरचा नंबर बोट ठेवून वाचला आणि परत येताना गाडीत म्हणाले, "मॅडम, आपल्या बी पाट्या उद्यापासनं मीच रंगवतो."